सोडतां येणारा दोर

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव हें एक गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जें जांब, तें याच तालुक्यांतलें. तेथून समुद्र तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. पाणी म्हणजे विहिरीचें, आणि नदी म्हणजे दक्षिणेकडील गोदावरी. महाराष्ट्राच्या आंतल्या भागांतील असंख्य गांवांप्रमाणें अशा ठिकाणीं मूल पोहावयास शिकतें तें विहिरींत. त्याच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा बंद डबा बांधतात, कमरेला दोर बांधतात, आणि त्या दोराचें दुसरें टोंक कांठावरच्या वडील माणसाच्या हातांत असतें. पोर गटांगळ्या खाऊं लागलें कीं दोर ओढला जातो. या शिक्षणाचें सारें सूत्र इतकेंच : भोपळा तारतो आणि दोर वांचवितो.

समजा, अशा विहिरींत पोहावयास शिकलेला एखादा तरुण पुण्यास नोकरीला लागला, आणि हिवाळ्याच्या रजेंत मित्रांबरोबर गोव्यास गेला. पेडणें तालुक्यांतील मोरजी, आश्वें, मांद्रें, हरमल या किनाऱ्यांवर दुपारच्या वेळीं त्याला एक नवलाचा खेळ दिसतो. माणसें पायांखालीं आंखूड फळी घेऊन, आभाळांत भला मोठा पतंग उडवीत, त्या पतंगाच्या ओढीनें लाटांवरून धांवत असतात. या खेळाचें नांव काइटबोर्डिंग. मराठींत त्याला पतंगफळी म्हणण्यास हरकत नाहीं. घरीं परत येतांच तो तरुण वडिलांना विचारतो, “बाबा, मला हें शिकायचें आहे. सामान कोणतें घेऊं?”

वडिलांपुढें दोन मार्ग उभे राहतात. मुलाची हौस म्हणून उत्तमांतलें उत्तम आणि मोठ्यांतलें मोठें सामान घेऊन द्यावें, हा एक. हौस चार दिवसांची, म्हणून कोणाचें तरी वापरलेलें सामान स्वस्तांत मिळवावें, हा दुसरा. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि दोहोंतील चूक एकच आहे. ओढणारी वस्तु आधीं पाहिली गेली, सोडविणारी पाहिलीच नाहीं. विहिरींतला दोर घट्ट धरल्यानें जीव वांचतो. समुद्रावरचा दोर वेळेवर सोडतां आला तरच जीव वांचतो. नवशिक्याच्या साऱ्या सामानाची निवड या एका भेदावर उभी आहे.

पतंगानें ओझें ओढविण्याची कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें होतें. १९०३ सालीं सॅम्युएल कोडी यानें पतंगांनीं ओढलेल्या लहानशा नावेंतून इंग्लिश खाडी पार केली. पण पाण्यावरच्या पतंगाला एक मोठी अडचण होती. तो एकदां पाण्यांत पडला कीं भिजून जड होई आणि पुन्हां उठत नसे. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगॅन्यू या फ्रेंच बंधूंनीं १९८४ सालीं हवेनें फुगविलेल्या नळ्यांचा सांगाडा असलेल्या पतंगाचें पेटंट घेतलें. हा पतंग पाण्यावर तरंगतो आणि पडल्या जागेवरून पुन्हां वर चढवितां येतो. त्यानंतरच हा खेळ सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें मार्सेयच्या समुद्रावर त्याच्या शर्यतीही झाल्या. तथापि त्या शर्यतींचें सामान नवशिक्यासाठीं नव्हे. घोड्यावर बसावयास शिकणाऱ्यास शर्यतीचा घोडा कोणी देत नाहीं.

प्रथम या खेळाचें बल कोठून येतें तें पाहूं. संक्रांतीच्या कागदी पतंगाचें क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटरही भरत नाहीं. येथील पतंग आठ, दहा, बारा चौरस मीटरांचा, म्हणजे चाळींतल्या एका खोलीच्या जमिनीएवढा असतो. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वारा १२ नॉटांचा २४ नॉटांचा झाला, तर ओढ दुप्पट होत नाहीं, चौपट होते. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात् सुमारें १.८५ किलोमीटर. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वारा “जरा वाढला” असें वाटतें, तेवढ्यांत पतंगाच्या टोंकाशीं हिशेब पार बदललेला असतो.

म्हणून पतंगाचा आकार हौशीवर ठरत नाहीं. माणसाचें वजन आणि त्या दिवसाचा वारा या दोन गोष्टी तो ठरवितात. एक ठोकताळा असा आहे : वजन किलोग्रॅममध्यें घ्यावें, त्यास वाऱ्याच्या नॉटमधील वेगानें भागावें आणि आलेल्या भागाकारास २.२ नें गुणावें. येणारी संख्या म्हणजे पतंगाचे चौरस मीटर. वारा १५ नॉट असतां ७५ किलोच्या तरुणास ११ चौरस मीटर येतात; ५५ किलोच्या त्याच्या बहिणीस ८. वारा २० नॉट झाला कीं त्याच तरुणास सव्वाआठ पुरतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात. भाऊ आणि बहीण यांना एकच पतंग घेऊन देणें ही काटकसर नव्हे. आणि एकाच पतंगावर सर्व ऋतु निभावत नाहींत. हा ठोकताळाही सरावलेल्या माणसाचा आहे. नवशिक्यानें त्याहून एक पायरी लहान पतंग घ्यावा. लहान पतंगानें फार तर तो पाण्यांतून उठणार नाहीं. मोठ्या पतंगानें नको तेव्हां उचलला जाईल.

यापुढची वस्तु दांडा आणि त्याचे दोर. बहुतेक पतंगांना चार दोर असतात, प्रत्येक सुमारें २० ते २४ मीटर लांबीचा. मधले दोन दोर एका कडीनें माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला अडकविलेले असतात. मुख्य ओढ तेथें येते. कडेचे दोन दोर हातांतील दांड्याच्या दोन टोंकांना असतात. त्यांनीं पतंग डावीउजवीकडे वळतो. दांडा अंगाकडे ओढला कीं पतंग वारा अधिक धरतो. दांडा दूर जाऊं दिला कीं वारा निसटतो आणि ओढ कमी होते.

या साध्या रचनेंतच नवशिक्याचा मोठा धोका दडलेला आहे. घाबरलेला माणूस हातांत असेल तें घट्ट धरतो आणि छातीशीं ओढतो. विहिरींत गटांगळी खाणारें पोर दोराला असेंच मिठी मारतें, आणि तेथें तें योग्यही असतें. येथें मात्र दांडा छातीशीं ओढला कीं पतंग अधिकच जोरानें खेचतो, भय वाढतें, पकड आणखी घट्ट होते. म्हणून पहिला धडा असा कीं, भय वाटलें तर हात सोडावे. संक्रांतीला ज्याच्या हातचा पतंग सुटला त्याची फजिती होते. पाण्यावर ज्याला पतंग सोडतां येतो तोच शहाणा.

सुटकेच्या तीन पायऱ्या आहेत, आणि सामान घेतांना तिन्ही डोळ्यांनीं पाहून, हातानें चालवून घ्याव्या. पहिली पायरी हात सोडण्याची. दांडा आपोआप दूर सरकतो आणि ओढ बरीच उतरते. तेवढ्यानें भागलें नाहीं तर दुसरी : कमरेच्या कडीवर एक कळ असते, ती पुढें ढकलली कीं कडी उघडते, पतंग एकाच दोरावर लोंबकळत निशाणासारखा फडफडूं लागतो आणि त्याचा जोर जातो. तरीही तो ओढीतच राहिला, किंवा दुसऱ्या कोणाच्या दोरांत अडकला, तर तिसरी : त्या शेवटच्या दोरीचीही एक कळ असते, ती सोडली कीं पतंग संपूर्ण मोकळा होऊन जातो. पतंग जाईल, पैसे जातील, माणूस राहील.

या कळी दर वेळीं आणि एका हातानें उघडल्या पाहिजेत. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें खास या सुटकेच्या यंत्रणेसाठीं आयएसओ २१८५३ हें मानक प्रसिद्ध केलें. दांडा घेतांना तो या मानकास उतरतो कीं नाहीं हें विचारावें. पण मानकाचा छाप म्हणजे सराव नव्हे. जमिनीवर उभें राहून, डोळे मिटून, उजव्या हातानें दहादां आणि डाव्या हातानें दहादां कळ उघडून पाहावी. लाटेंत डोळ्यांत खारें पाणी गेलेलें असतें. तेव्हां कळ शोधावयास वेळ नसतो. वाळू आणि मीठ यांनीं कळ अडकते, यास्तव प्रत्येक वेळीं ती गोड्या पाण्यानें धुवावी.

कमरेच्या पट्ट्याचे दोन प्रकार आहेत. एक नुसता कमरेभोंवतीं बसतो; दुसरा मांड्यांखालूनही येतो व बैठकीसारखा असतो. नवशिक्याचा पतंग बहुधा डोक्यावरच असतो आणि ओढ वरच्या दिशेनें येते. अशा वेळीं कमरेचा सैल पट्टा सरकत बरगड्यांपर्यंत चढतो, आणि नेमकी कळ हाताच्या जागेवरून हलते. म्हणून आरंभीं बैठकीचा पट्टा सोयीचा पडतो. कोणताही घेतला तरी तो दुकानांत अंगावर घालून, कोणी तरी वरच्या बाजूस ओढून पाहिल्यावांचून घेऊं नये. पट्ट्याच्या खिशांत दोर कापण्याची वांकडी सुरी असावी. ताणलेला बारीक दोर बोटाभोंवतीं गुंडाळला गेला तर तोच सुरीचें काम करतो. यासाठीं दोर हातानें कधींही धरूं नये.

फळीची निवड त्या मानानें सोपी आहे. नवशिक्यानें दोन्ही टोंकें सारखीं असलेली, रुंद आणि जराशी लांब फळी घ्यावी. सुमारें ७५ किलोच्या माणसास १४० सेंटिमीटरांहून थोडी मोठी फळी बरी पडते. मोठी फळी कमी वाऱ्यांतही माणसाला उचलून धरते, त्यामुळें पतंग लहान ठेवतां येतो. पतंग लहान आणि फळी मोठी, ही जोडी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एक मोह मात्र टाळावा. फळी हरवूं नये म्हणून ती दोरीनें अंगाला बांधण्याची युक्ति प्रत्येकास सुचते. पण माणूस पडतो, पतंग त्याला ओढीत नेतो, फळी पाण्यांत अडून राहते, दोरी ताणली जाते, आणि मग ती फळी गोफणीच्या दगडासारखी डोक्यावर येते. त्यापेक्षां पतंगाच्या मदतीनें अंग पाण्यांतून ओढीत फळीपर्यंत परत जावयास शिकावें. चांगले शिक्षक फळी पायांत देण्यापूर्वीं हेंच शिकवितात.

डोक्यावर पाण्यावरच्या खेळाचें हेल्मेट हवें. अंगांत तरंगविणारें जाकीट हवें. किनाऱ्याजवळ पोहूं शकणाऱ्यासाठीं ५० न्यूटन उचल देणारें जाकीट असतें, म्हणजे तें पाण्यांत सुमारें पांच किलो भार पेलतें. बाजारांत याच खेळासाठीं एक पातळ जाकीट मिळतें. तें छातीला आणि बरगड्यांना मार लागूं देत नाहीं, पण सर्वच तसलीं जाकिटें माणसाला तारून धरतात असें नाहीं. दोन्ही दिसावयास सारखीं असल्यानें विकत घेतांना नेमका हाच प्रश्न विचारावा. ज्याला जाकिटाशिवाय समुद्रांत पोहतां येत नाहीं, त्यानें जाकीट घालूनही या खेळास हात लावूं नये. विहिरींत पोहणें म्हणजे समुद्रांत पोहणें नव्हे, हेंही त्यानें लाटेंत एकदां अनुभवून घ्यावें.

आतां वापरलेल्या सामानाचा प्रश्न. कुंभाराकडून मडकें घेतांना गृहिणी तें बोटांनीं वाजवून घेते. तडा डोळ्याला दिसला नाहीं तरी आवाजांत कळतो. पतंगही असाच वाजवून घ्यावा लागतो. त्याच्या नळ्या पूर्ण फुगवून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळीं मऊ पडला तर कोठें तरी हवा निसटते. कापड उन्हाकडे धरून बारीक छिद्रें पाहावीं. जें कापड उन्हानें विरलें आहे तें हातांत कुरकुरत नाहीं, मऊ लुगड्यासारखें लागतें आणि ताण देतांच फाटतें. चारही दोर एका खुंटीला अडकवून दुसरीं टोंकें जुळवावीं. एकही दोर आंखूड निघाला तर पतंग एका अंगाला ओढील. अखेर कळ : ती तीनदां उघडावी, तीनदां जोडावी, आणि एकदांही अडली तर सौदा मोडावा. २००५ च्या सुमारास दांडा सोडतांच जवळजवळ सारा जोर टाकून देणारे पतंग प्रचारांत आले. त्यापूर्वींचे जुने पतंग कितीही स्वस्त मिळाले तरी नवशिक्याच्या हातीं देऊं नयेत.

सामानाइतकीच जागा आणि वेळ यांची निवड महत्त्वाची आहे. गांवाजवळच्या तलावावर हात बसवूं आणि मग समुद्रावर जाऊं, असा विचार आंतल्या भागांतील माणसाच्या मनांत सहज येतो. पण तलावावरचा वारा टेकड्यांवरून आणि झाडांवरून तुटत, उसळत येतो. नवशिक्याला हवा असतो तो १२ ते १८ नॉटांचा, एका चालीचा वारा. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत दुपारीं तो मिळतो. जमीन समुद्रापेक्षां अधिक तापते, तिच्यावरील हवा वर जाते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची थंड हवा येते. पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर हा वारा माणसाला तिरकस जमिनीकडे लोटतो. हेंच त्याचें रक्षण. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा कितीही सौम्य असला तरी त्या दिवशीं पतंग उघडूं नये. तो वारा माणसाला घरीं आणीत नाहीं. पावसाळ्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबर, समुद्र नवशिक्याचा नव्हे. पतंग चढवितांना वाऱ्याच्या दिशेस दोरांच्या दुप्पट अंतरापर्यंत माणूस, झाड, तार, होडी कांहीं असूं नये. मोरजीचा किनारा समुद्री कासवांच्या अंडीं घालण्याचीही जागा आहे. तेथें राखून ठेवलेल्या पट्ट्यांत पाऊलही टाकूं नये.

मग बाबांनीं मुलाला काय घेऊन द्यावें? आरंभीं शिक्षण. १० ते १२ तासांचें पहिलें शिक्षण एखाद्या प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाकडे व्हावें. २००१ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना अशीं प्रमाणपत्रें देते. पतंग, दांडा आणि फळी तेथें शिक्षकाचींच असतात. घरचे पैसे खर्चावयाचेच तर आधीं हेल्मेट, जाकीट आणि अंगास नीट बसणारा पट्टा यांवर खर्चावे. त्यानंतर दोन-तीन चौरस मीटरांचा लहान शिकाऊ पतंग घ्यावा. तो मोकळ्या माळावर, मंद वाऱ्यांत, कुंभार पिंपळगांवींही उडवितां येतो आणि हाताला वळण लावतो. मोठा पतंग आणि फळी सर्वांत शेवटीं. ज्या दिवशीं मुलगा जेथून पाण्यांत शिरला तेथेंच वाऱ्याविरुद्ध तिरका येऊन परत पोंचेल, त्या दिवशीं त्याला स्वतःचें वजन, वारा आणि कौशल्य यांचा अंदाज आलेला असेल. त्या आधीं घेतलेला पतंग बहुधा चुकीच्या आकाराचाच निघतो.

आणि एक गोष्ट बाबांनीं स्वतः विचारून घ्यावी. किनाऱ्यापासून दूर वारा पडला किंवा दोर तुटला तर काय करशील? ज्याला उत्तर येतें तो तयार झाला. उत्तर असें आहे : कमरेची कळ सोडून पतंगाचा जोर मारावा, दोर पद्धतशीर दांड्यावर गुंडाळीत पतंगापर्यंत जावें, आणि त्याच्या फुगलेल्या नळीवर छाती टेंकून किनाऱ्याकडे पोहत यावें. त्या मोठ्या रंगीत पतंगाला सोडून एकट्यानें पोहत निघूं नये. शोधणाऱ्यास माणसाचें डोकें दिसत नाहीं, पतंग दिसतो. मात्र तोच पतंग जोरानें ओढून नेऊं लागला, तर तिसरी कळ आहेच.

पाहूं गेलें तर हें शिक्षण कुंभार पिंपळगांवच्या विहिरींतल्या शिक्षणाहून फारसें निराळें नाहीं. फुगलेली नळी म्हणजे पाठीचा भोपळाच. फरक एवढाच कीं, विहिरीच्या कांठावर दोर धरणारा वडील माणूस उभा होता. समुद्रावर तो नाहीं. त्याचें शहाणपण आतां मुलाच्या कमरेवरच्या त्या लहानशा कळींत असावें लागतें, आणि ती कळ डोळे मिटून उघडण्याची संवय मुलाच्या हातांत.